‘फक्त ३ शिल्लक’: टंचाई दाखवून मागणी कशी वाढवतात, आणि ती खरी की बनावट हे कसं ओळखायचं?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)
विक्रीत टंचाई दाखवायचे साधारण चार प्रकार आहेत. नग कमी (‘फक्त ३ शिल्लक’), वेळ कमी (‘आज रात्री १२ पर्यंतच’), प्रवेश कमी (निमंत्रण असेल तरच, किंवा प्रतीक्षायादीत नाव असेल तरच) आणि आवृत्तीच मर्यादित (५०० नग काढणार, पुन्हा नाही). चारही एकाच नावाने ओळखले जातात, पण प्रत्येकाची यंत्रणा वेगळी आणि प्रत्येक फसण्याचं कारणही वेगळं. या विषयावरची चर्चा बहुतेकदा ‘मानसशास्त्राचा खेळ आहे सगळा’ इथेच थांबते, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. टंचाई सांगण्यात काही गैर नाही. शेवटचा नग उरला असेल तर तो शेवटचा आहे हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं. आकडा मनाने बनवून दाखवणं मात्र सरळ फसवणूक आहे.

प्रश्न दोन आहेत. एक, बाहेरून बघणाऱ्याला खरं-खोटं कसं तपासता येईल? दोन, विकणाऱ्याला प्रामाणिकपणे मर्यादा घालायची असेल तर किती नग काढायचे हा आकडा कसा ठरवायचा? अंदाजपंचे नको, हिशेब हवा. जाणकारांनी लिहावं.

मनोवेध
चांगला विषय. आधी पाया घालून घेऊ.

टंचाईने वस्तूचं मोल का वाढतं याची पहिली नीट मांडणी टिमथी ब्रॉक यांनी १९६८ मध्ये केली. जी गोष्ट मिळायला कठीण ती मौल्यवान, असं मन धरून चालतं. त्याआधी १९६६ मध्ये जॅक ब्रेम यांनी दुसरी बाजू मांडली होती: हातात असलेली निवड काढून घेतली जातेय असं वाटलं की माणूस तीच गोष्ट जास्त हट्टाने मागतो.

सगळ्यात उपयोगी प्रयोग १९७५ चा, वॉर्चेल, ली आणि अडेवोले यांचा. लोकांना बरणीतलं एक बिस्किट चाखायला दिलं. काहींच्या बरणीत दहा होती, काहींच्या बरणीत दोनच. दोनवाली बिस्किटं जास्त हवीहवीशी आणि जास्त महाग वाटली. तिसऱ्या गटाला आधी दहांची बरणी दाखवून मग ती बदलून दोनांची दिली, तेव्हा हवेपणा आणखी वाढला. ‘बाकीच्यांना लागली म्हणून कमी झाली’ असं सांगितल्यावर तर सर्वांत जास्त. म्हणजे मुळात कमी असण्यापेक्षा डोळ्यांदेखत कमी होणं जास्त परिणाम करतं, आणि दुसऱ्यांमुळे कमी होणं त्याहून जास्त.

या प्रयोगातली एक गोष्ट नेहमी गाळली जाते. टंचाईतली बिस्किटं चवीला मात्र कोणालाच जास्त चांगली लागली नाहीत. हवीशी वाटली, महाग वाटली, चव तीच.

पाणकळा
वाचनखूण साठवली. चवीचा मुद्दा पहिल्यांदाच वाचला. परत आलेल्या मालाचं प्रमाण यातूनच वाढत असणार.

कोडकर
पहिल्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर देतो. उलटमोजणीची घड्याळं तीन जातीची असतात.

१. खरी मुदत. सवलत संपायची वेळ सर्व्हरवर नोंदलेली असते, सगळ्यांना तीच दिसते, आणि वेळ झाली की किंमत खरंच बदलते.

२. माणसागणिक घड्याळ. तुम्ही पान उघडलंत की ३० मिनिटं सुरू. सुरुवातीची वेळ तुमच्या ब्राउझरमध्ये कुकीत (संकेतस्थळाने ठेवलेल्या छोट्या नोंदीत) साठवतात. कुकी पुसली की पुन्हा ३० मिनिटं.

३. गोल फिरणारं घड्याळ. मुदत कुठेच नोंदलेली नसते. शून्यावर आलं की आपोआप पुन्हा सुरुवातीपासून.

तपासायचं असं:

पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये आणि त्याच वेळी दुसऱ्या उपकरणावर उघडा. खरी मुदत असेल तर दोन्हीकडे सेकंदापर्यंत आकडा जुळेल (उपकरणाचं घड्याळ चुकीचं असेल तर काही सेकंद इकडेतिकडे). माणसागणिक घड्याळ असेल तर दुसरीकडे ते नव्याने सुरू झालेलं दिसेल.

मग खासगी खिडकीत (इन्कॉग्निटो) उघडा. पुन्हा पूर्ण वेळ दिसली तर ती खरी मुदत नाही हे नक्की.

शेवटी, शून्य होऊ द्या आणि पान ताजं करून किंमत बघा. हीच खरी कसोटी. घड्याळ कितीही नीट जुळत असलं तरी मुदतीनंतर तीच किंमत राहिली तर ती मुदत नव्हतीच.

काही जण उपकरणाची वेळ पुढे करून बघतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका. प्रामाणिक घड्याळसुद्धा उरलेला वेळ बऱ्याचदा उपकरणाच्या घड्याळावरूनच मोजतं.

‘आत्ता १७ जण हे बघताहेत’ या ओळीसाठी ब्राउझरची विकसक-साधनं उघडून नेटवर्कचा भाग बघा. आकडा १७ चा १९, १९ चा १६ होतोय आणि सर्व्हरशी काहीच देवाणघेवाण दिसत नाही, तर तो तुमच्याच पानावर तयार होतोय. अशा पानाच्या स्क्रिप्टमध्ये यादृच्छिक आकडा काढणारं फंक्शन सापडतं आणि त्याला किमान-कमाल अशा दोन सीमा दिलेल्या असतात. एक खबरदारी: काही ठिकाणी सर्व्हरशी जोडणी सतत उघडी ठेवलेली असते. ती यादीत एकाच ओळीत दिसते, त्यामुळे नवीन विनंत्या दिसल्या नाहीत म्हणून लगेच खोटं ठरवू नका. त्या ओळीवर जाऊन आत संदेश येताहेत का ते बघा.

हे सगळं प्रत्येक दुकान स्वतः लिहीत नाही. तयार जोडण्या (प्लगइन) मिळतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदी-संकेतस्थळं यंत्राने तपासली. त्यांना फसव्या रचनांची १,८१८ उदाहरणं सापडली, आणि अशा रचना तयार करून पुरवणाऱ्या २२ बाहेरच्या कंपन्याही.

गोदामपाल
कोडकर यांनी घड्याळाचं सांगितलं, मी नगांचं सांगतो. ‘फक्त ३ शिल्लक’ हा आकडा खोटा नसूनही चुकीचा असू शकतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

एक, उंबरठा. प्रणालीत असा नियम असतो की साठा अमुक आकड्याच्या खाली गेला की सूचना दाखव. पाच ठेवला तर पाचाखाली, वीस ठेवला तर विसाखाली. जो माल रोज चाळीस जातो त्याचे १९ उरलेत ही सूचना खरी. जो महिन्याला दोन जातो त्याचे १९ म्हणजे नऊ महिन्यांचा साठा, आणि तरी लाल अक्षरात ‘थोडेच शिल्लक’. आकडा बरोबर, घाई खोटी. उंबरठा नगांत ठेवूच नये, दिवसांत ठेवावा. गेल्या २८ दिवसांची रोजची सरासरी विक्री घ्या, उरलेल्या नगांना तिने भागा. उत्तर नवा माल यायला लागणाऱ्या दिवसांपेक्षा कमी असेल तरच सूचना दाखवा.

दोन, कुठला साठा? काही ठिकाणी तुमच्या जवळच्या गोदामातला, काही ठिकाणी सगळ्या गोदामांची बेरीज, काही ठिकाणी फक्त त्या रंगाचा आणि मापाचा. ‘३ शिल्लक’ हे निळ्या, मोठ्या मापाचं असतं आणि वाचणारा समजतो की तो मालच संपतोय.

तीन, राखून ठेवलेला माल. मोजणीतल्या चुका, तुटफूट आणि परताव्यातले घोळ सांभाळायला काही नग बाजूला ठेवलेले असतात आणि ते विक्रीयोग्य साठ्यात दाखवत नाहीत. सात नग फळीवर असतात, चार राखीव, पानावर तीन.

बाहेरून तपासायला एक जुनी युक्ती आहे: टोपलीत ९९९ नग टाकून बघा. पुष्कळ प्रणाली ‘इतकेच उपलब्ध’ म्हणून खरा आकडा सांगतात. मात्र तो दर ऑर्डरला घातलेल्या मर्यादेचाही असू शकतो. मर्यादा सहसा ५, १०, २० अशी गोल असते. ३७ सारखा आकडा आला तर तो साठाच असण्याची शक्यता जास्त.

रोखठोक
धागाकर्त्यांशी असहमत. आकडा खरा असला तरी तो दाखवण्याचा हेतू माणसाला विचार करू न देणं हाच असतो. आकडा खरा म्हणून दबाव स्वच्छ होत नाही. मोठ्या लाल अक्षरात, लुकलुकत, पैसे भरायच्या बटणाला चिकटवून ‘३ शिल्लक’ लिहिणं आणि उत्पादनाच्या माहितीत साध्या ओळीत लिहिणं, दोन्हींत माहिती तीच आहे. मग लाल अक्षरं कशासाठी?

मनोवेध
रोखठोक, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. मांडणी हाही संदेशच असतो आणि तो विक्रेत्याने निवडलेला असतो. अर्धा अमान्य यासाठी, की माहिती उशिरा सांगणं हेही नुकसानच आहे. शेवटचा नग आहे हे पैसे भरायच्या पायरीवर पहिल्यांदा कळलं तर दबाव सर्वांत जास्त, कारण तोवर माणसाने पत्ता भरलेला असतो, मनाने वस्तू घेतलेली असते. तीच माहिती यादीच्या पानावर आली तर तुलना करायला वाव राहतो. माझ्या लेखी कसोटी ही: सूचना निर्णयाच्या आधी येते की निर्णयाच्या टोकावर?

दुसरा एक भेद इथे लागू आहे. पुरवठ्यामुळे आलेली टंचाई (‘शंभरच बनवले’) आणि मागणीमुळे आलेली (‘भराभर संपतंय’) या वेगवेगळ्या वस्तूंवर वेगवेगळं काम करतात. जी वस्तू लोक चारचौघांत मिरवायला घेतात तिला पुरवठ्याची टंचाई मानवते, कारण ती इतरांकडे नसणं हाच तिचा गुण. जी कामाची म्हणून घेतात तिला मागणीची टंचाई मानवते, कारण इतक्या लोकांनी घेतली म्हणजे चांगली असणार हा आधार मिळतो. उलट केलं की फसतं. मिरवायच्या घड्याळावर ‘हजारो लोकांनी घेतलं’ लिहिलं तर खास गिऱ्हाईक पळतं. ड्रिल यंत्रावर ‘जगात फक्त २००’ लिहिलं तर माणूस विचारतो, सुटे भाग कुठे मिळणार?

दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींतला प्रसिद्ध बदल याच जातीचा. ‘आमचे प्रतिनिधी वाट पाहत आहेत, आत्ताच फोन करा’ काढून ‘प्रतिनिधी व्यस्त असतील तर पुन्हा फोन करा’ असं केलं आणि विक्री वाढली. टंचाई वस्तूची नाही, फोनच्या लाइनीची. तरी त्यातून मागणी दिसली.

पाणकळा
सुट्या भागांचा मुद्दा झकास. आता हा प्रतिसाद फक्त पुढची दहा मिनिटंच दिसेल असं कोणी लिहू नका म्हणजे झालं :)

शाईठसा
थोडं अवांतर, पण मर्यादित आवृत्तीचा विषय निघालाय म्हणून. मुद्राचित्रांच्या (कोरलेल्या प्लेटवरून छापलेल्या चित्रांच्या) क्षेत्रात ही पद्धत फार आधीपासून आहे आणि तिथे मर्यादा पाळली गेल्याचा पुरावा ठेवायची शिस्त आहे. बाजारवाल्यांनी ती उचलायला हवी.

चित्राखाली पेन्सिलीने ७/५० असं लिहितात: एकूण ५०, त्यातला हा ७ क्रमांकाचा. त्याशिवाय कलाकाराच्या स्वतःसाठी काही प्रती असतात, रूढी साधारण आवृत्तीच्या दहा टक्क्यांची, आणि त्यांवर वेगळी खूण असते. आवृत्ती पूर्ण झाली की प्लेट रद्द करतात. पृष्ठभागावर आडव्या-तिरप्या रेघा ओरखडतात आणि तशा रद्द प्लेटचा एक ठसा काढून ठेवतात. तो ठसा म्हणजे ‘आता यातून चांगली प्रत निघणार नाही’ याचा पुरावा. नुसतं वचन नाही.

कधी मर्यादा धातूच घालतो. ड्रायपॉइंटमध्ये सुईने तांब्यावर ओरखडा काढताना कडेला धातूची बारीक कोर उठते. तीच शाई धरते आणि तिच्यामुळे रेघेला मखमली गडदपणा येतो. दाबयंत्राखाली ती कोर प्रत्येक ठशाला थोडी थोडी चपटी होत जाते. काही डझन प्रतींनंतर रेघ कोरडी पडते. प्लेटवर पोलादाचा पातळ मुलामा चढवून आयुष्य वाढवता येतं, पण उघड्या तांब्यावर सुरुवातीच्या प्रती खरोखर सरस असतात. डिजिटल छपाईत असं काही नाही, पहिली आणि पाचशेवी प्रत सारखीच. तिथे मर्यादा फक्त शब्दावर उभी असते.

ब्राँझच्या ओतीव शिल्पांना फ्रान्समध्ये मूळ कलाकृती म्हणून मान्यता हवी असेल तर एकूण १२ प्रतींची मर्यादा आहे: आठ १/८ ते ८/८, आणि चार कलाकाराच्या, रोमन आकड्यांत I/IV ते IV/IV.

कोणी ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणालं की चार गोष्टी विचारा. एकूण किती? क्रमांकाबाहेरच्या किती? साचा किंवा मूळ फाइल यांचं पुढे काय होणार? दुसऱ्या मापात किंवा रंगात तेच पुन्हा निघणार का? चौथ्या प्रश्नावर बहुतेक ‘मर्यादित’ गोष्टी अडकतात.

रोखठोक
हे आवडलं. साचा मोडल्याचा ठसा मागायला हवा सगळीकडे.

पण मोडण्याची दुसरी बाजूही आहे. महागड्या ब्रँडांनी न खपलेला माल जाळायचा, म्हणजे तो स्वस्तात बाहेर येऊन दुर्मीळपणा जाऊ नये. बर्बेरीच्या २०१८ च्या वार्षिक अहवालात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याची नोंद निघाली, गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ही पद्धत बंद केल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम केला. मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला जुलै २०२६ पासून बंदी. टंचाई टिकवायला धडधाकट कोट जाळावे लागत असतील तर ती टंचाई कसली?

हिशेबनीस
धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. रोखठोक यांचा जाळण्याचा मुद्दा याच हिशेबातून निघतो.

एकदाच माल बनवायचा आणि मागणी नक्की माहीत नाही, अशा वेळी वापरतात तो हिशेब वर्तमानपत्र विक्रेत्याच्या नावाने ओळखला जातो. दोनच आकडे लागतात. नग कमी पडला तर बुडणारा नफा, आणि नग उरला तर होणारं नुकसान. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा.

समजा बुडणारा नफा ६० आणि उरल्याचं नुकसान २०. ६० भागिले ८० म्हणजे ०.७५. इतके नग बनवा की सगळी मागणी भागण्याची शक्यता ७५ टक्के असेल. मागणीचा अंदाज १,०००, प्रमाण विचलन (अंदाजापासूनची नेहमीची चढउतार) २०० आणि वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं) धरलं तर उत्तर येतं साधारण १,१३५. यात टंचाई जवळपास नाहीच, सरासरी तीसेक लोकांना नग मिळत नाही.

आता हा ब्रँड मिरवायचा आहे असं समजा. उरलेला नग सवलतीत विकला तर पुढच्या आवृत्तीची किंमत कोणी देणार नाही. ते नुकसान धरून उरल्याचा फटका २० नाही, १८० आहे. ६० भागिले २४० म्हणजे ०.२५. उत्तर येतं साधारण ८६५. सरासरी १६५ लोक रिकाम्या हाताने परत जातात. कोणी मुद्दाम ‘टंचाई करू’ असं ठरवलं नाही, तरी हिशेबानेच टंचाई झाली.

या आकड्यात लोक दोन चुका करतात. मागच्या वेळची विक्री हीच मागणी धरतात. मागच्या वेळी ८६५ बनवले आणि ८६५ गेले, तर मागणी ८६५ होती हे कळत नाही, निदान तेवढी होती इतकंच कळतं. म्हणून माल संपल्यानंतरही पान उघडं ठेवा, ‘कळवा’ असं बटण द्या आणि किती जणांनी दाबलं ते मोजा. दुसरी चूक म्हणजे १६५ जणांचा राग शून्य धरणं. त्यातले काही प्रतिस्पर्ध्याकडे जातात आणि परत येत नाहीत. ती किंमत बुडालेल्या नफ्यात मिळवा. ६० चे ९० झाले तर गुणोत्तर ०.३३ होतं आणि आकडा ९१० च्या वर जातो.

गोदामपाल
हिशेबनीस यांच्या पहिल्या चुकीची उलटी चूक जास्त महाग पडते: टंचाईत आलेल्या ऑर्डरी खऱ्या धरणं.

माल कमी आहे आणि कंपनी प्रत्येक वितरकाला मागणीच्या प्रमाणात वाटून देणार, हे कळलं की वितरक काय करतो? १०० हवे असतील तर २०० मागतो, म्हणजे निम्मे मिळाले तरी भागेल. शिवाय दोन ठिकाणी ऑर्डर नोंदवतो, जो आधी देईल त्याचा घ्यायचा आणि दुसरी रद्द करायची. कंपनीच्या वहीत मागणी दुप्पट दिसते. ती कारखाना वाढवते, सुटे भाग मागवते. पुरवठा सुरळीत झाला की निम्म्या ऑर्डरी एका आठवड्यात गायब. ली, पद्मनाभन आणि वांग यांनी १९९७ मध्ये पुरवठासाखळीतली मागणी फुगण्याची जी चार कारणं मांडली, त्यांतलं हे एक. नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने २००१ मध्ये सुमारे २.२ अब्ज डॉलरचा साठा नुकसानीत टाकला, त्यामागे अशा दुहेरी ऑर्डरींचा मोठा हात होता.

बचाव सोपा आहे, पण विक्री विभागाला तो आवडत नाही. टंचाईत वाटप नव्या ऑर्डरीच्या प्रमाणात करायचं नाही, टंचाईआधीच्या विक्रीच्या प्रमाणात करायचं. ऑर्डर रद्द करायला शुल्क ठेवायचं. आणि वितरकाने किती मागितले याऐवजी त्याच्या दुकानातून गिऱ्हाइकाला किती गेले हा आकडा मागायचा.

तिरंगी_पतंग
खेळण्यांचं काय? कॅबेज पॅच बाहुल्या, बीनी बेबीज?

गोदामपाल
कॅबेज पॅच बाहुल्यांसाठी १९८३ च्या नाताळात दुकानांत झटापटी झाल्या. त्या बनवणाऱ्या कोलेको कंपनीने मग उत्पादन वाढवलं, लाट ओसरली, आणि १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याला कारणं इतरही होती.

बीनी बेबीजची पद्धत वेगळी. टाय कंपनी मोठ्या साखळी-दुकानांऐवजी लहान भेटवस्तू-दुकानांना माल द्यायची आणि एकेक खेळणं ‘निवृत्त’ करायची. निवृत्तीच्या बातमीने दुय्यम बाजार (लोक एकमेकांना विकतात तो) पेटला. १९९९ मध्ये त्यांनी वर्षअखेरीस सगळीच निवृत्त करणार असं जाहीर केलं, मग लोकांकडून मतदान घेतलं आणि उत्पादन चालूच ठेवलं. पुढे दुय्यम बाजारातल्या किमती कोसळल्या. ज्यांनी गुंतवणूक म्हणून पेट्या भरून ठेवल्या होत्या त्यांच्याकडे आज पेट्या आहेत. शाईठसा म्हणतात तसा रद्द प्लेटचा ठसा इथे कधीच नव्हता.

सूक्ष्मदर्शी
सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. निमंत्रण पद्धतीवर अजून कोणी लिहिलं नाही. जीमेलचं उदाहरण नेहमी दिलं जातं.

कोडकर
जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि सर्वांसाठी खुलं झालं फेब्रुवारी २००७ मध्ये. निमंत्रणं लिलावात विकली गेली. पण मुळात मर्यादा होती ती यंत्रांची. प्रत्येकाला १ जीबी जागा द्यायची आणि सर्व्हर मोजके. निमंत्रणांचा नळ किती उघडायचा हे क्षमतेवर ठरत होतं, म्हणून ती टंचाई टिकली आणि कोणाला राग आला नाही.

नक्कल करणारे एक गोष्ट विसरतात. ईमेल एकट्यालाही उपयोगी पडतं, समोरच्याकडे जीमेल असायची गरज नाही. ज्या सेवेत मित्र असल्याशिवाय काहीच करता येत नाही, तिथे निमंत्रणं फार आवळली की आत आलेला माणूस रिकाम्या खोलीत बसतो. अशा ठिकाणी निमंत्रणं गटागटाने सोडावीत. एका माणसाला दोन देण्यापेक्षा एका ओळखीच्या वर्तुळात एकदम वीस द्यावीत.

जाता जाता, मोजके नग ठरलेल्या वेळी विकायला काढणाऱ्यांसाठी. साठा वाचणं आणि एकाने कमी करणं या दोन वेगळ्या पायऱ्या ठेवल्या तर दोन जण एकाच क्षणी ‘१ शिल्लक’ वाचतात आणि दोघांनाही तो नग विकला जातो. ‘शून्यापेक्षा जास्त असेल तरच एकाने कमी कर’ ही एकच अखंड क्रिया हवी. नग टोपलीत टाकल्यावर धरून ठेवायचा असेल तर ८-१० मिनिटं पुरतात. त्या वेळात इतरांना ‘संपलं’ दाखवू नका, ‘सध्या राखीव’ दाखवा. पैसे न भरलेले नग परत साठ्यात येतात, आणि ‘संपलं’ वाचलेल्या माणसाला दहा मिनिटांनी तोच माल दिसला तर तो तुम्हाला खोटारडे म्हणतो.

बॉटवाल्यांमुळे (आपोआप झटपट खरेदी करणारे प्रोग्राम वापरणाऱ्यांमुळे) ‘आधी येईल त्याला’ ही पद्धत आता न्याय्य राहिलेली नाही. नोंदणीची खिडकी काही तास उघडी ठेवा, मग सोडत काढा. वेगाचा फायदा जातो. एकाच माणसाच्या अनेक नोंदी पकडायला ईमेल पुरत नाही. पत्ता, फोन आणि पैसे भरायचं साधन, तिन्ही ताडून बघावं लागतं.

कलमबहाद्दर
कायद्याची बाजू थोडक्यात. युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारी प्रथांविषयीच्या निर्देशात सरसकट बंदी असलेल्या प्रथांची यादी आहे. ‘फारच थोड्या वेळासाठी उपलब्ध’ असं खोटं सांगून लगेच निर्णय घ्यायला लावणं हे त्यात सातव्या क्रमांकावर आहे. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे फसव्या रचनांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिलेत, त्यांतला पहिलाच खोट्या घाईचा. अमेरिकेत तिकिटं बॉटने उचलण्याविरुद्ध २०१६ पासून वेगळा कायदा आहे.

रोखठोक यांच्या ‘खरा आकडा, तरी दबाव’ या मुद्द्याला ब्रिटनमधलं एक प्रकरण जुळतं. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१९ मध्ये हॉटेल आरक्षणाच्या सहा संकेतस्थळांकडून लेखी हमी घेतली. आक्षेपांपैकी एक असा: ‘इतके लोक हे हॉटेल बघताहेत’ हा आकडा दाखवायचा, पण ते लोक वेगळ्या तारखांसाठी बघत असू शकतात हे सांगायचं नाही. दुसरा असा: भरलेली हॉटेलं मुद्दाम यादीत पेरायची, म्हणजे बाकीचीही आता जाणार असं वाटेल. दोन्हींत आकडा आणि हॉटेल खरंच, मनावर उमटणारा ठसा मात्र खोटा.

रोखठोक
हेच म्हणत होतो. धन्यवाद.

मोजपट्टी
विक्रेत्यांसाठी एक राहिलं. टंचाईची सूचना लावली आणि विक्री वाढली, एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

गिऱ्हाइकांचे दोन गट यादृच्छिक पाडा, एकाला सूचना दाखवा, दुसऱ्याला नको. गट माणसागणिक पाडा, भेटीगणिक नको, नाहीतर एकाच माणसाला आज सूचना दिसते आणि उद्या नाही, आणि त्याला लबाडी कळते. मग त्या दिवसाची विक्री बघू नका, ६० दिवसांची परतावे वजा जाता विक्री बघा. तीन गोष्टी दिसतात. काही विक्री नवी असते. काही फक्त पुढच्या आठवड्याची आज झालेली असते, म्हणून मुदत संपल्यावर खड्डा पडतो. आणि काही परत येते. पहिलीतून तिसरीचा खर्च वजा केल्यावर जे उरतं तेच तुमचं.

‘लोकाग्रहास्तव मुदत वाढवली’ हे तर कधीही करू नका. पहिल्या मुदतीत धावपळ करून घेतलेल्या माणसाला ते सगळ्यात आधी दिसतं. पुढच्या वेळी तो थांबतो. अशा वाढीव मुदतींनंतर विक्रीचा आलेख शेवटच्या दिवसाकडे सरकत जातो आणि पहिले दिवस ओसाड पडतात.

सूक्ष्मदर्शी
मोजपट्टी, लहान विक्रेत्याकडे एवढी रहदारी नसते. महिन्याला पन्नास ऑर्डरी येणाऱ्याने गट पाडून काय उपयोग? त्याने आकडा कसा ठरवायचा?

मोजपट्टी
पन्नासांत गट पाडून काही कळणार नाही, बरोबर. हिशेबनीस सांगतील.

हिशेबनीस
त्याने आधी माल बनवूच नये. आगाऊ नोंदणी घ्यावी, थोडी रक्कम आधी घेऊन. नुसत्या ‘आवडलं’वर विसंबू नये, पैसे न घेता केलेल्या नोंदींतल्या बऱ्याचशा गळतात. नोंदणीची खिडकी ठरलेल्या तारखेला उघडायची, ठरलेल्या तारखेला बंद करायची, आणि जितक्या नोंदी तितकेच नग, अधिक तुटफूट आणि बदलून देण्यासाठी पाच ते आठ टक्के. इथे टंचाई वेळेची आहे आणि ती खरी आहे, कारण तारीख गेल्यावर कच्चा माल मागवला जातो.

दोन तारखा पानावर वरच लिहाव्यात: नोंदणी कधी बंद आणि माल हातात कधी. दुसरी तारीख चुकली तर पुढची खिडकी भरत नाही, म्हणून पुरवठादार सांगेल त्या दिवसांत निदान एक तृतीयांश वाढवूनच लिहा. जास्तीचे पाच-आठ टक्के उरले तर ते नव्या नोंदणीत गुपचूप मिसळू नका. ‘मागच्या तुकडीतले ४ नग’ असं लिहून विका.

शाईठसा
आणि पुढची तुकडी काढणार असाल तर तिच्यावर ‘दुसरी तुकडी’ असा शिक्का हवा. पहिलीवाल्यांना दिलेला शब्द त्यानेच राहतो.